शेकाला जाण्यापूर्वी

आमच्या भागात किरणोपचाराला किरणोपचार कोणी म्हणत नाही. कोणी ‘लाईट देतात’ म्हणतात, कोणी ‘शेक देतात’ म्हणतात, काही जुनी माणसे सरळ ‘करंट’ म्हणतात. घोटाळ्याची सुरुवात या नावांपासूनच होते. शेक म्हटले की माणसाला चटका आठवतो, करंट म्हटले की झटका. प्रत्यक्षात या उपचारात चटकाही बसत नाही आणि झटकाही बसत नाही. पण हे रुग्णाला आधी कोणी सांगत नाही. तो भीत भीत जातो, आणि पहिला त्रास सुरू झाला की उपचार अर्धवट टाकून घरी येतो.

करमाळ्यात दवाखाना थाटून मला आता चाळीस वर्षे होत आली. कर्करोगावर उपचार करणारा मी डॉक्टर नव्हे. संशय आला की पुढे पाठवणारा आणि परत आल्यावर मलमपट्टी पाहणारा मी गावचा डॉक्टर. तरीही हा विषय मी लिहायला घेतला आहे, त्याला कारण आहे.

१९९१ च्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावाहून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, पाळी बंद होऊन चार वर्षे झालेली आणि पुन्हा रक्त जाऊ लागलेले. मी तपासले, चिठ्ठी दिली आणि शहरातल्या रुग्णालयात पाठवले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. पंचवीस दिवस बाहेरून शेक आणि नंतर आतून शेक, असा उपचार ठरला. जाताना त्या माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, ‘‘मावशी, जा, लाईट घ्या, बऱ्या व्हाल.’’ बस्स, एवढेच बोललो. दवाखान्यात गर्दी होती.

तेरावा शेक घेऊन मावशी घरी आल्या. मी विचारले, ‘‘एवढ्या लवकर कशा आलात?’’ त्या म्हणाल्या, ‘‘रगत थांबलं की हो डाक्टर. आन् त्या लाईटनं आतडी जाळली बगा माजी. दिसातनं धा-धा येळा जावं लागतंय. आता न्हाई जायची मी.’’

रक्त थांबले म्हणजे बरे झाले, आणि जुलाब लागले म्हणजे उपचार बाधला, असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. ओटीपोटावर शेक सुरू असताना दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबते, पण तेवढ्याने रोग गेलेला नसतो. त्याच सुमारास जुलाबही लागतात, आणि ते औषधाने आवरतात. ही दोन वाक्ये मी जाण्याआधी सांगितली असती तर मावशी थांबल्या असत्या. नंतर मी पुष्कळ सांगून पाहिले, पण पेरणी तोंडावर आली होती आणि मुलालाही वेळ नव्हता. दिवाळीनंतर त्या पुन्हा गेल्या तेव्हा रोग पसरला होता. पुढच्या वर्षी मावशी गेल्या.

तेव्हापासून मी एक नियम केला. माझ्या चिठ्ठीवर जो शेकाला जाईल, त्याला घरच्या माणसासह अर्धा तास समोर बसवायचे आणि सगळे सांगायचे. आजचा लेख म्हणजे ती अर्ध्या तासाची बैठकच आहे, असे वाचकांनी समजावे.

शेक म्हणजे नेमके काय?

१८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९८ साली मादाम क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधले. हाड मोडल्यावर आपण फोटो काढतो ते हेच क्ष-किरण. उपचारासाठी वापरतात ते त्याच जातीचे, पण कितीतरी अधिक शक्तीचे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवत नाहीत. शरीरात शिरून ते पेशींच्या गाभ्यातील जनुकीय द्रव्याला इजा करतात, आणि इजा झालेली कर्कपेशी पुढे वाढू शकत नाही.

हे किरण देणारी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिले कोबाल्टचे यंत्र. त्यात कोबाल्ट हा किरणोत्सारी धातू जाड कवचात बंद असतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे असे देशी यंत्र तयार केले आहे. दुसरे लिनॅक, म्हणजे विजेवर चालणारे यंत्र. बटण बंद केले की त्याचे किरण बंद होतात. नव्या लिनॅकवर किरणांचा झोत रोगाच्या आकाराप्रमाणे वळवता येतो, त्यामुळे शेजारच्या निरोगी भागाला इजा कमी होते. ‘डॉक्टर, कोणते यंत्र चांगले?’ असे बरेच जण विचारतात. मी म्हणतो, ते तिथल्या तज्ज्ञांना ठरवू द्या. मात्र नव्या यंत्रावरच्या अर्धवट उपचारापेक्षा जुन्या यंत्रावरचा पुरा उपचार केव्हाही बरा.

रोज रोज कशाला? एकदाच का देत नाहीत?

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापात मोजतात. पुष्कळ उपचारांत रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी मात्रा देतात. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात एकूण ६० ते ७० ग्रे, म्हणजे सहा-सात आठवडे लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून सुमारे पाच आठवडे आणि त्याबरोबर किंवा त्यानंतर आतून काही वेळा शेक देतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी पाच आठवडे लागत. आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत काम होते. रोग हाडात जाऊन नुसते दुखणे कमी करायचे असेल, तर कधी एकाच दिवसाचा शेक पुरतो. तेव्हा शेजारच्याला तीस मिळाले आणि मला पंधराच, म्हणून मनात किंतु आणू नये.

थोडा थोडा शेक का देतात, हे शेतकऱ्याला चटकन कळते. किरणांनी निरोगी पेशीलाही थोडी इजा होते, पण ती रात्रीतून सावरते. कर्कपेशीला तसे नीट सावरता येत नाही. रोजच्या माऱ्याने ती मागे पडत जाते. आता खुरपणीचे उदाहरण घ्या. अर्धे रान खुरपून आठ दिवस बांधावर बसलात, तर राहिलेले तण दुप्पट जोमाने उठते. कर्कपेशींचेही तसेच आहे. उपचार मध्येच थांबला तर उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. घशाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की उपचार लांबेल तसा प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाचा बाहेरचा व आतला सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

म्हणून लग्न, जत्रा, ऊसतोड, पेरणी यांसाठी शेक चुकवू नये. यंत्र बिघडून किंवा सुटीमुळे दिवस बुडाला, तर ‘तो कसा भरून काढणार?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे.

पहिले काही दिवस तयारीचे

पुष्कळांचा समज असतो की गेल्या दिवशीच शेक मिळेल. मग चार-आठ दिवस नुसते मोजमाप चालले की ‘आम्हाला लटकवून ठेवले’ अशी तक्रार सुरू होते. हे दिवस वाया जात नाहीत, त्यात उपचाराचा आराखडा तयार होतो. रुग्णाला रोज ज्या अवस्थेत झोपायचे त्याच अवस्थेत झोपवून सीटी स्कॅन काढतात. डोके-मान यांचा उपचार असेल तर कोमट पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात. तो थोडा घट्ट वाटतो, पण जाळीतून श्वास नीट घेता येतो. ज्यांना कोंडल्याची भीती वाटते त्यांनी ते आधीच सांगावे.

अंगावर शाईच्या खुणा करतात किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके देतात. या खुणा अंघोळीत घासून काढू नयेत. पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नयेत. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला दाखवाव्यात. किरण रोज त्याच जागी पडावेत यासाठी त्या असतात.

या दिवसांतच तीन गोष्टी न विचारता सांगून टाकाव्यात. हृदयात पेसमेकर बसवला आहे का, पूर्वी कधी शेक घेतला आहे का, आणि बाईमाणसाला दिवस गेले असण्याची शक्यता आहे का. पुढे मूल हवे असेल तर तेही आधीच बोलावे, कारण ओटीपोटावरील किरणांनी मूल होण्याची शक्ती बहुधा जाते.

आत गेल्यावर काय होते?

जाड दाराच्या मोठ्या खोलीत एक अरुंद टेबल असते. त्यावर झोपवतात, खुणा जुळवतात आणि सगळे बाहेर जातात. इथे रुग्ण घाबरतो. खरे तर बाहेरून कॅमेऱ्यात तुम्ही सतत दिसत असता, बोललेले ऐकू जाते आणि हात वर केला की यंत्र थांबवतात. कर्मचारी बाहेर जातात ते त्यांना दिवसभर पन्नास माणसांचे किरण लागू नयेत म्हणून. यंत्राचा घूंऽऽ आवाज येतो, कधी ते तुमच्याभोवती फिरते, पण अंगाला टेकत नाही. टेबलावरचा सगळा वेळ दहा-पंधरा मिनिटे, त्यात किरण चालू असतात ती काही मिनिटेच. हालू नये, एवढेच तुमचे काम. श्वास नेहमीसारखा घ्यावा.

ओटीपोटाच्या शेकापूर्वी बऱ्याच वेळा ठरावीक पाणी प्यायला लावतात आणि लघवी धरून ठेवायला सांगतात. मूत्राशय भरले की आतडी वर सरकतात आणि किरणांपासून दूर राहतात. संकोचाने किंवा कंटाळ्याने यात हयगय करू नये.

गर्भाशयमुखाच्या रुग्णांना नंतर ‘आतून शेक’ असतो. भूल किंवा गुंगीचे औषध देऊन योनिमार्गात नळी बसवतात आणि तिच्यातून रोगाजवळ किरण पोचवतात. काम झाले की नळी काढतात. याची आधी कल्पना नसल्याने कित्येक बाया बाहेरचा शेक संपल्यावर ‘आता झाले’ म्हणून घरी येतात. बायांनो, आतला शेक हा उपचाराचा निम्मा भाग आहे असे समजा. तो टाळू नका. संकोच वाटत असेल तर सोबतीला परिचारिका मागावी, त्यात गैर काही नाही.

नातवाला जवळ घेऊ का?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आजी-आजोबा विचारतात. अवश्य घ्या! बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. खोलीतून बाहेर पडलात की तुम्ही इतरांसारखेच. ताट-वाटी वेगळी नको, अंथरूण वेगळे नको. कर्करोग हा शिवल्याने लागणारा रोगच नव्हे. अपवाद आहे तो थायरॉईडच्या रोगात पोटातून दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा आणि अशाच काही औषधांचा. त्यात काही दिवस वेगळे राहण्याचे नियम असतात आणि ते रुग्णालय सांगते.

त्रास कोणता आणि केव्हा?

त्रास होणारच नाही, असे मी कोणाला सांगत नाही. तसे सांगितले आणि त्रास झाला की माणसाचा विश्वास उडतो. शेक जिथे दिला जातो तिथेच बहुतेक त्रास होतो. ओटीपोटाला शेक असेल तर डोक्याचे केस जात नाहीत. डोक्याला असेल तर जातात. पहिला आठवडा बहुधा सुखाचा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्रास सुरू होतो आणि शेवटी वाढतो. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे तो तसाच राहतो, मग हळूहळू उतरतो. हे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे तो तिसऱ्या आठवड्यात पळत नाही.

थकवा जवळजवळ सर्वांना येतो. दुपारी पडावे, पण दिवसभर अंथरुणात राहू नये. सकाळ-संध्याकाळ थोडे चालावे. शेकाच्या जागची कातडी लाल किंवा काळपट होते, खाजते, कधी सोलते. तोंड-घशाच्या शेकात तोंड येते, थुंकी कमी व घट्ट होते, चव जाते, गिळताना दुखते. ओटीपोटाच्या शेकात जुलाब होतात, लघवीला जळजळते. या प्रत्येकावर औषध आहे. ते मागावे लागते, एवढेच. सहन करणे म्हणजे शौर्य नव्हे.

ताप आला, पाणीसुद्धा गिळवेना, पातळ जुलाब थांबेनात, रक्त जाऊ लागले, दम लागला किंवा कातडीतून लस वाहू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात कळवावे. सोबत किमोथेरपी चालू असेल तर तापाकडे त्याच दिवशी लक्ष द्यावे.

अंघोळ, कपडे आणि जेवण

अंघोळ कोमट पाण्याने करावी. शेकाच्या जागी सौम्य साबण हलक्या हाताने लावावा. घासू नये, टॉवेलने टिपून घ्यावे. त्या जागेवर हळद, बाम, झाडपाल्याचा लेप, पावडर, अत्तर काही लावू नये. गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. मलम लावायचे ते डॉक्टर देतील तेच. सैल सुती कपडे घालावेत. मानेला शेक असेल तर मफलर व ताठ कॉलर नको, आणि न्हाव्याकडे वस्तऱ्याने दाढीही नको. उन्हात जाताना उपरण्याने किंवा पदराने ती जागा झाकावी.

या दिवसांत वजन राखणे हे मोठे काम आहे. वजन फार उतरले तर मुखवटा सैल होतो, मोजमाप बिघडते आणि अंगात ताकद राहत नाही. थोडे थोडे, पण पाच-सहा वेळा खावे. तोंड आलेल्या माणसाला भाताची मऊ पेज, मुगाचे पातळ वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, शिरा, अंड्याचा मऊ बलक, केळे असे गिळता येईल ते द्यावे. मिरची, मसाला, लिंबू आणि फार गरम पदार्थ टाळावेत. पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ पेलाभर कोमट पाण्यात घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या कराव्यात. जुलाब लागले असतील तर दूध, कच्च्या कोशिंबिरी व तळलेले बंद करावे. ताक-भात, साबुदाण्याची पेज आणि मीठ-साखरेचे पाणी द्यावे.

आणखी एक, विशेषतः बायांसाठी. नवरात्रात कमलाभवानीचे नऊ दिवसांचे उपवास आमच्या घराघरांत असतात. शेक चालू असताना ते करू नयेत. घरातल्या दुसऱ्या कोणी ते धरावेत. आजारी लेकीने जेवावे, याला आईची हरकत कशी असेल?

दात, तंबाखू आणि मिश्री

तोंड-घशाचा शेक घेणाऱ्याने सुरुवातीपूर्वी दातांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. किडका, हलणारा दात काढायचा असेल तर तो आधी काढून, जखम भरायला दोनेक आठवडे देऊन मग शेक सुरू करतात. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकते. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. म्हणून पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर ‘मी शेक घेतला आहे’ हे आधी सांगावे.

विडी, तंबाखू, गुटखा आणि आमच्या बायकांची मिश्री हे सगळे पहिल्या दिवशीच सोडावे. किरणांचे काम होण्यासाठी रोगाच्या गाठीला प्राणवायू पोचावा लागतो. विडीच्या धुराने तो घटतो आणि शेकाचा परिणाम कमी होतो. तोंड आलेले असताना तंबाखू म्हणजे जखमेवर मीठच. याच कारणाने अंगातले रक्त कमी असेल तर तेही भरून काढतात. घरच्यांना रक्त देण्यास सांगितले तर घाबरू नये.

भस्मे, काढे, झाडपाला जे काही चालू असेल ते लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली पुडी पुढे अंगाशी येते.

रोग्याला सांगायचे की नाही?

‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, हाय खातील’, असे नातेवाईक मला दाराआड गाठून सांगतात. त्यांची माया मी समजतो. पण जो माणूस महिनाभर त्या टेबलावर झोपणार आहे, त्याला कशासाठी ते ठाऊक नसेल, तर तो तिसऱ्या आठवड्यात ‘आता पुरे’ म्हणणारच. ‘सूज आहे, शेकाने उतरेल’ असे सांगितलेला माणूस सूज उतरली की घरी येतो. एकदम कठोरपणे सांगू नये, पण खोटेही सांगू नये. रोग आहे, त्यावर उपचार आहे, इतके दिवस लागतील, त्रास होईल आणि तो उतरेल, एवढे सांगितले की बहुतेक माणसे खाली मान घालून ऐकतात आणि मग विचारतात, ‘‘कधी निघायचं?’’

सांगण्याने फरक पडतो, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची देशातली ती पहिली. नोंदीसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते बायांना लक्षणे समजावून सांगत आणि तपासणीला यायला सांगत. काही वर्षांतच असे आढळले की गर्भाशयमुखाचा रोग लवकरच्या अवस्थेत असताना येणाऱ्या बायांचे प्रमाण वाढले आहे. तिथे मुख्य साधन होते ते म्हणजे दारात बसून केलेले बोलणे. लवकर यावे म्हणून जसे सांगावे लागते, तसेच शेवटपर्यंत टिकावे म्हणूनही सांगावे लागते, असे माझे मत आहे.

घरची तयारी

शेक चुकतो तो बहुधा औषधामुळे नव्हे, घरच्या अडचणीमुळे. म्हणून निघण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. सोबत कोण राहणार? एकच माणूस महिनाभर शक्य नसेल तर पाळ्या लावाव्यात. धारा कोण काढणार, पाणी कोण धरणार, पोरांचे जेवण कोण पाहणार? बाई आजारी असेल तर हे प्रश्न तिच्या मनात रात्रंदिवस घोळत असतात. त्यांची उत्तरे तिला निघण्यापूर्वी मिळाली पाहिजेत.

आमच्याकडून परंड्यावरून बार्शी जवळ. काही जण रोज येऊन-जाऊन करतात. सुरुवातीला जमते, पण तिसऱ्या आठवड्यानंतर एस.टी.चे हेलपाटे सोसत नाहीत. तेव्हा शेवटच्या आठवड्यांत तरी मुक्कामाची सोय पाहावी. मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे असेल तर जेऊरहून गाडी मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची अल्प दरात सोय होते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा. एस.टी.च्या सवलतीची चौकशी आगारात करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे आणि मगच पैशाची जुळवाजुळव करावी. जमीन गहाण टाकण्याची घाई करू नये.

वहीचे एक पान

शेवटी मी प्रत्येकाला एक साधी शाळकरी वही घ्यायला लावतो. पहिल्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: शेक किती आणि कोणत्या तारखेपर्यंत? रोग बरा करण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? मला कोणता त्रास होईल आणि केव्हा? कोणत्या त्रासाला लगेच यायचे? रात्री कोणाला फोन करायचा? आतून शेक आहे का? शेकानंतर तपासणीला केव्हा यायचे? समोर गेल्यावर माणूस गांगरतो, तेव्हा वहीतून वाचून विचारले तरी चालते.

दुसऱ्या पानावर जितके शेक तितक्या चौकटी आखायच्या आणि रोज एकीवर बरोबरची खूण करायची. काही वर्षांपूर्वी गालाचा कर्करोग झालेले एक शेतकरी अशी वही घेऊन गेले. तेहतीस चौकटी होत्या. एकविसाव्या दिवशी त्यांचा फोन आला. बोलणे नीट उमटत नव्हते. म्हणाले, ‘‘डॉक्टर, तोंड लई आलंय. पर तुमी सांगितलं हुतं तिसऱ्या हप्त्यात येनार, तवा आलंय म्हणून कळवलं. आजून बारा चौकटी हायत.’’ त्यांना तिथल्या डॉक्टरांनी गुळणीचे व दुखण्याचे औषध दिले, काही दिवस नाकातल्या नळीने पातळ अन्न द्यावे लागले, पण एकही दिवस बुडाला नाही. ते आजही बाजाराच्या दिवशी दवाखान्यात डोकावतात. तोंड थोडे कोरडे राहते, म्हणून पाण्याची बाटली बरोबर असते.

मावशींच्या आणि त्यांच्या रोगात फरक होता, काळात फरक होता, यंत्रांतही फरक होता. पूर्ण शेक घेऊनही काही रुग्ण वाचत नाहीत, हेही मी पाहिले आहे. पण तेराव्या दिवशी मावशी घरी आल्या त्या रोगामुळे नव्हे. पुढे काय होणार हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून आल्या. ते सांगणे माझे काम होते.

वाचकहो, तुमच्या घरात, भावकीत, आळीत कोणी शेकाला निघाले असेल तर हे कात्रण त्यांना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर शेजारी बसून सांगा. आणि तिथल्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका. विचारलेल्या प्रश्नाचा राग आला तरी तो क्षणभराचा असतो, न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मात्र फार मोठी पडते.